खाणकामगाराची कंबर, गुडघे आणि खांदे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घुग्घुस, माजरी, वणी, सास्ती, बल्लारपूर, उमरेड, सावनेर या पट्ट्यातल्या कोळसा खाणींत आणि नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज खाणींत राबणारी माणसं फिजिओथेरपीला आली की जे विचारतात, ते प्रश्न इथे घेतले आहेत. काही प्रश्न त्यांच्या बायकांचे आहेत. ते सहसा जास्त नेमके असतात.

मी डम्पर चालवतो. वजन उचलत नाही, दिवसभर बसूनच असतो. मग कंबर का दुखते?

बसून असता म्हणूनच दुखते, कारण ज्यावर बसता ती जागा आठ तास हादरत असते. बसलेल्या माणसाच्या धडाला सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा येणारा हादरा सगळ्यात जास्त बाधतो. या गतीला कणा स्वतःच डोलू लागतो आणि सीटखालचा हादरा मणक्यांपर्यंत जाताना कमी होण्याऐवजी वाढतो. अवजड गाडी खडबडीत हॉल रोडवर (खाणीतल्या वाहतुकीच्या रस्त्यावर) धावते तेव्हा याच पट्ट्यातले हादरे भरपूर असतात. प्रत्येक हादऱ्याला पाठीचे स्नायू आवळायला जातात, पण तोवर पुढचा हादरा येऊन गेलेला असतो. पाळी संपेपर्यंत ते थकून ताठरतात. मणक्यांमधल्या गाद्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. दाब पडणं आणि सुटणं यांतून त्या पोसल्या जातात. तासन्‌तास एकाच बैठकीत राहिलं की हे पोषण तुटतं.

यात शॉव्हेलखालच्या (डम्परमध्ये माल भरणाऱ्या यंत्राखालच्या) पहिल्या बकेटची भर पडते. डाला रिकामा असतो, वरून ओव्हरबर्डनचा (कोळशावरच्या माती-दगडाच्या थराचा) मोठा दगड येतो आणि ६० टनांची गाडी जागच्या जागी उसळते. ड्रायव्हर त्या क्षणी बहुधा कंबर वळवून आरशात किंवा मागे बघत असतो. सरळ बसलेल्याला तोच धक्का सोसतो, वळलेल्या कंबरेला तो नडतो. म्हणून शॉव्हेलखाली गाडी उभी केली की आधी सरळ व्हा, पाठ सीटला टेकवा, मगच हॉर्न द्या. शॉव्हेल ऑपरेटर ओळखीचा असेल तर पहिली बकेट बारीक मालाची टाकायला सांगा. जुने ऑपरेटर ते न सांगता करतात.

हे हादरे मोजता येतात. आयएसओ २६३१ या मानकात आठ तासांच्या पाळीसाठी ०.४५ ते ०.९ मीटर प्रति सेकंद वर्ग हा सावधगिरीचा पट्टा धरला आहे, त्यापुढे धोका. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात ०.५ ला उपाय सुरू करायचे आणि १.१५ ओलांडायचंच नाही, असं आहे. आपल्याकडे हे काम नागपूरच्या राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्थेने केलं. ती संस्था २०१९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन झाली. भारतीय खाणींतल्या डम्परवर हादरे मोजल्यावर आणि चालकांना विचारल्यावर, इतर कामगारांपेक्षा चालकांची कंबर कितीतरी जास्त दुखते असंच त्यांना दिसलं. तेव्हा ‘वय झालं’ असं कोणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नका.

सीट तर सस्पेन्शनची आहे. मग?

सीटवर वजनाची खुंटी किंवा चाक असतं, ते एकदा बघा. सस्पेन्शन चालकाच्या वजनाप्रमाणे लावायचं असतं. पहिल्या पाळीचा चालक ९० किलोचा, दुसऱ्या पाळीचा ५८ किलोचा आणि सीट तशीच, असं सर्रास चालतं. हलक्या माणसासाठी ती दगड होते. जड माणसाच्या वेळी ती तळाला आपटते, आणि हे आपटणं साध्या हादऱ्यापेक्षा घातक असतं.

बऱ्याच गाड्यांत सीटवर घडी घातलेली चादर, पोतं, कधी ट्यूबचा तुकडा दिसतो. म्हणजे आतला फोम बसलेला आहे आणि सगळ्यांना ते माहीत आहे. चादरीने ढुंगणाला बरं वाटतं, मणक्याला फरक पडत नाही. उलट उंची बदलल्याने पाय पेडलपर्यंत ताणावे लागतात. सीट बिघडली असेल तर ब्रेक किंवा हॉर्न बिघडल्यावर लिहिता तशीच लॉगबुकात लिहा. तोंडी सांगितलेलं पाळी बदलली की संपतं.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडतो: व्यायाम, सीट, की गोळ्या?

रस्त्याने. ग्रेडर (रस्ता सपाट करणारं यंत्र) वेळेवर फिरला, सांडलेले दगड उचलले, पाणी मारताना चिखल होऊ दिला नाही आणि वेग आवरला, तर हादरा मुळातच कमी होतो. कंबरदुखीचा पहिला डॉक्टर ग्रेडरवाला आहे, असं मी गमतीने म्हणतो, पण मला ते खरंच वाटतं. वेग तेवढा चालकाच्या हातात. पाळीच्या फेऱ्या मोजल्या जात असतील तर तोही पूर्ण त्याच्या हातात राहत नाही, हे मान्य.

गाडीतून उतरताना कंबरेत चमक निघते.

पाळीभर दबलेली गाद्यांची आणि स्नायूंची जोडी उतरायच्या वेळी सगळ्यात नाजूक असते आणि नेमकी तेव्हाच शेवटच्या पायरीवरून उडी मारली जाते. तोंड शिडीकडे करून, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात टेकलेला ठेवून उतरा. उतरल्यावर लगेच वाकून डबा-बाटली उचलू नका. पाच मिनिटं चाला, हात कमरेवर ठेवून चारपाच वेळा मागे झुका.

मी अंडरग्राउंडला आहे. तिथे हादरे नाहीत, तरी गुडघे आणि खांदे गेले.

तिथलं दुखणं वेगळं. वर्धा खोऱ्यात कोळशाचे थर जाड आहेत, त्यामुळे जुन्या ब्रिटिश खाणींसारखं पोटावर सरपटत काम सहसा करावं लागत नाही. पण इन्क्लाइन (खाणीत उतरणारी तिरकी वाट) रोज उतरायची आणि चढायची असते, पायात गमबूट, खाली पाणी आणि निसरडा चिखल. उतरताना गुडघ्याच्या वाटीवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. त्यात गमबूट मापाचा नसला की टाच आत सरकते आणि प्रत्येक पावलाला गुडघा किंचित वळतो. तपासताना मी बूट उलटा करून बघतो. टाच एका बाजूने झिजलेली असली की त्याच बाजूचा गुडघा दुखत असल्याचं बहुतेक वेळा निघतं.

खांद्याचं कारण छत. रूफ बोल्टसाठी (छत धरून ठेवणाऱ्या सळ्यांसाठी) वर ड्रिल धरायचं, वर बघत सपोर्ट ठोकायचा, म्हणजे हात खांद्याच्या वर आणि मान मागे मोडलेली. खांद्यातल्या स्नायूबंधांना या स्थितीत रक्त कमी मिळतं, शिवाय ते दोन हाडांमध्ये घासतात. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, शर्ट घालताना हात अडकतो, ही सुरुवातीची खूण. या टप्प्यावर सहा-आठ आठवड्यांचा व्यायाम आणि वरच्या कामातून थोडी सुटका एवढ्याने बहुतेक जण बरे होतात. वर्षभर अंगावर काढलं की खांदा जखडतो आणि मग सगळंच लांबतं. मधुमेह असलेल्यांचा तर जास्त सहज जखडतो.

टिंबर, रूळ, पंपाचे पाइप यांचं वेगळं सांगायला नको. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या सूत्रात अगदी आदर्श स्थितीतही एका माणसाने २३ किलोपेक्षा जास्त उचलू नये असं धरलं आहे. आदर्श म्हणजे अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, न वळता, कोरड्या सपाट जमिनीवर. यातली एक तरी अट खाणीत पाळली जाते का, ते तुम्हीच सांगा. सिमेंटची गोणी ५० किलोची असते.

गुडघ्याच्या वाटीवर पाण्यासारखी मऊ सूज आली आहे. पाणी काढावं का?

गुडघे टेकून काम करणाऱ्यांना, म्हणजे पंपवाले, बेल्टखाली सफाई करणारे आणि वर्कशॉपमधले फिटर यांना, हे होतं. वाटीवरची छोटी पिशवी सुजते. लाल, गरम आणि ताप नसेल तर काढायची घाई नको. गुडघ्याखाली जाड पॅड आणि काही दिवस गुडघे टेकणं बंद, एवढ्याने बहुतेक वेळा उतरते. लाल, गरम किंवा तापासोबत असेल तर आत पू असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना.

ड्रिल चालवल्यावर बोटांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतो.

हातातल्या यंत्राच्या हादऱ्याने बोटांच्या नसा आणि बारीक रक्तवाहिन्या दुखावतात. थंड देशांत अशा कामगारांची बोटं पांढरी पडतात. ब्रिटनमधल्या हजारो खाणकामगारांना नव्वदच्या दशकातल्या न्यायालयीन लढ्यानंतर त्याची भरपाई मिळाली. चंद्रपूरच्या उन्हात बोटं पांढरी पडलेली क्वचितच दिसतात, म्हणून आपल्याकडे तो आजार नाही असा समज झाला. उष्ण प्रदेशात मुंग्या, बधिरपणा आणि पकड ढिली होणं हेच जास्त दिसतं. शर्टाचं बटण लावताना बोटं अडखळायला लागली की उशीर होत चाललाय असं समजा. ड्रिल घट्ट आवळून धरायची सवय सोडा. बोथट बिट (ड्रिलचं टोक) बदलून घ्या, कारण तो जास्त हादरतो आणि जास्त वेळही खातो. काम दोघांत वाटून घ्या.

एमआरआयमध्ये ‘गादी सरकली’ लिहून आलंय. ऑपरेशन करावं लागेल का?

बहुधा नाही. एमआरआयचा कागद माणसाला जेवढा घाबरवतो तेवढा तो गंभीर नसतो. ज्यांना काहीही दुखत नाही अशा लोकांच्या एमआरआयचा मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३० टक्के आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या दिसल्या, दुखणं शून्य. म्हणजे फुगलेली गादी सापडली, म्हणून तीच दुखतेय असं ठरत नाही. ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य तर मी रोज ऐकतो. दोन मणक्यांत जागा असायलाच हवी, ती कमी झाली तर काळजी.

दुखणं कमरेतून मांडीमागून पोटरीत, पायात उतरत असेल तर नस दबलेली असू शकते. तीसुद्धा बहुतेक वेळा सहा ते बारा आठवड्यांत शांत होते. पायाची ताकद कमी होत चालली असेल, चप्पल पायातून निसटत असेल, किंवा इतक्या आठवड्यांनीही जगणं अशक्य होत असेल, तर सर्जनचं मत घ्या.

मग घाबरायचं कधी?

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायच्या जागेवर आणि जांघेत बधिरपणा आला, दोन्ही पाय ढिले पडले: रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात जा, सकाळची वाट बघू नका. उंचावरून पडल्यानंतरचं पाठीचं दुखणं एक्स-रेशिवाय सोडू नका.

आणखी एक, आपल्या भागासाठी फार महत्त्वाचं. दुखणं आराम करूनही थांबत नाही, रात्री वाढतं, सोबत बारीक ताप, घाम, वजन घटणं असेल, तर मणक्याचा टीबी डोक्यात आणा. खाणीतल्या सिलिकाच्या धुळीने टीबीचा धोका वाढतो, हे जगभर सिद्ध झालं आहे. टीबी म्हटलं की आपण खोकलाच बघतो. खोकला नसतानाही तो पाठीत बसलेला असू शकतो. महिनोन्‌महिने मालिश आणि शेक घेऊन शेवटी पाय लुळे पडल्यावर निदान होणं, यासारखं वाईट काही नाही. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

आमच्या घरात माझी आणि म्हाताऱ्या सासूचीही पाठ आखडली आहे. आम्ही कधी खाणीत गेलो नाही.

हा प्रश्न एका बाईने विचारला होता आणि त्याने तपासाची दिशाच बदलते. घरातल्या सगळ्यांची पाठ-मान ताठ होत असेल तर पाण्याकडे बघा. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा, राजुरा, कोरपना भागात आणि यवतमाळच्या पांढरकवडा भागात अनेक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५. वर्षानुवर्षं त्यापेक्षा बरंच जास्त पोटात गेलं की ते हाडांत साठतं, स्नायूबंध कडक होतात. मान वळत नाही, उकिडवं बसता येत नाही.

खाणकामगाराला याचा दुप्पट फटका बसतो. ४५ अंशांच्या उन्हात तो इतरांपेक्षा कितीतरी जास्त पाणी पितो, म्हणजे फ्लोराइडही तेवढंच जास्त. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतील तर संशय पक्का धरा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, ते आटून उलट दाट होतं. आरओने जातं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या पाणी प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या. कंबरेच्या एमआरआयच्या तुलनेत खर्च अगदीच किरकोळ.

मुलगा सव्वीस वर्षांचा, कंत्राटात लागला आहे. त्याचा खुबा दुखतो, लंगडतो.

या वयात खुब्याची झीज सहसा होत नाही. आधी सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी करा. विदर्भातल्या आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या अनेक कुटुंबांत हा आजार आहे. त्यात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरतं. पाणी कमी पडणं आणि अतिश्रम यांनी अंगदुखीचे झटके येतात, म्हणजे खाणीतली उन्हाळी पाळी याला सगळ्यात वाईट. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, सरकारी रुग्णालयात तपासणी मोफत आहे. दुसरं कारण विनालेबल गोळ्या. ते पुढे.

मँगनीज खाणीत आहे. सांधे दुखत नाहीत, पण अंग जड झालं, चाल मंदावली.

चिखला, डोंगरी बुजुर्ग, कांद्री, मनसर, गुमगाव इथल्या लोकांनी हे लक्ष देऊन वाचा. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर मेंदूवर परिणाम होऊ शकतो. चेहऱ्यावरचे हावभाव कमी होतात, बोलणं एकसुरी होतं, मागे चालताना तोल जातो, काही जण टाच न टेकवता कोंबड्यासारखे चवड्यांवर चालतात. हा सांध्यांचा आजार नव्हे आणि मालिशने तो बरा होणार नाही. खाण कायद्याखालच्या अधिसूचित आजारांत त्याचं नाव आहे. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा आणि खाणीत काम करतो हे आवर्जून सांगा. डॉक्टर विचारतीलच असं नाही.

पाळी संपली की एक इंजेक्शन मारून घेतो. रोज चालतं का?

नाही. डायक्लोफेनॅकसारखी औषधं मूत्रपिंडाकडचा रक्तप्रवाह कमी करतात. एरवी शरीर ते सांभाळून घेतं. घामाने सुकलेल्या आणि वरून बीपीची गोळी चालू असलेल्या माणसाचं शरीर ते सांभाळू शकत नाही. चार-पाच दिवसांचा कोर्स वेगळा, पाळीगणिक सुई वेगळी. कुल्ह्यावर चुकीच्या जागी मारलेल्या सुईने नस कायमची दुखावल्याचंही मी पाहिलं आहे.

आठवडी बाजारात पुडीत बांधून मिळणाऱ्या ‘देशी’ गोळ्यांबद्दल तर हात जोडून सांगतो. दोन दिवसांत जादू होते, भूक लागते, चेहरा भरतो. स्टेरॉइड असलं की असंच होतं. मग साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि खुब्याचा गोळा मरतो. आणि अचानक बंद केल्या तर माणूस कोसळू शकतो. घेत असाल तर पुडीसकट डॉक्टरकडे या, तो रागावला तरी.

कंबरेचा पट्टा?

उसण भरली असेल तेव्हा चार-आठ दिवस, प्रवासात किंवा कामावर. रोज लावून कंबर मजबूत होत नाही.

डॉक्टरांनी महिनाभर झोपून राहायला सांगितलंय.

मोडतोड नसेल तर एक-दोन दिवसांपलीकडे झोपून राहणं नुकसानच करतं. दुखलं तरी घरात चाला. दुखणं म्हणजे दरवेळी इजा होतेय असं नाही. पण लगेच पूर्ण कामावर जाणंही बरोबर नाही. मधल्या काळात हलकी ड्युटी मिळावी असं चिठ्ठीवर स्पष्ट लिहून मागा. नुसतं ‘विश्रांती’ नको: इतके आठवडे वजन उचलू नये, डम्परवर बसू नये, असं.

दिवसभर घाम गाळतो, वरून व्यायाम कशाला?

काम आणि व्यायाम यांत फरक आहे. काम त्याच त्या स्नायूंना, त्याच त्या बाजूने, थकेपर्यंत वापरतं. बेलच्याने भरणारा माणूस बहुतेक एकाच खांद्यावरून फेकतो. त्याची एक बाजू दणकट आणि दुसरी सुस्त असते, आणि कंबर मधल्यामध्ये ओढली जाते. व्यायामाने सुस्त राहिलेल्याला जागं करायचं.

तीन पुरेत. उताणं झोपून गुडघे मोडून कंबर वर उचलायची आणि दहा मोजेपर्यंत धरायची. रांगतं होऊन उजवा हात-डावा पाय लांब करायचा, मग उलट. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं अर्धं खाली यायचं. हे गुडघ्यांसाठी, जेवढं दुखत नाही तेवढंच खाली. प्रत्येकी दहा वेळा, पाळीला जाण्याआधी. पाळीनंतर करायचं ठरवलं की होत नाही, सगळ्यांचा अनुभव आहे.

डम्परवाल्यांनी चालावं. रोज अर्धा तास, पोट कमी होईपर्यंत आणि झाल्यावरही.

बिडी आणि खर्रा यांचा कंबरेशी काय संबंध?

बिडी-सिगारेटचा आहे. धूम्रपान करणाऱ्यांत कंबरदुखी जास्त आढळते, गाद्या लवकर झिजतात. खाली खाणीत पेटवायला बंदी, म्हणून तोंडात खर्रा, हे मी समजू शकतो. खर्ऱ्याने कंबर दुखत नाही, जबडा आखडतो. तीन बोटं उभी करून तोंडात जात नसतील तर दाताच्या डॉक्टरकडे जा.

मेडिकलमध्ये कंबरदुखी सांगितली तर अनफिट करतील का?

या भीतीने लोक गप्प बसतात. १९५५ च्या खाण नियमांत दर पाच वर्षांनी तपासणी होती. छातीचा एक्स-रे, ऐकू येणं, डोळे बघितले जातात. माझ्या पाहण्यात सांध्यांच्या रकान्यात ‘नॉर्मल’ एवढा एकच शब्द पडतो, कारण कामगारही काही बोलत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत चाळिशीपुढच्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत तपासणी आहे, तिचा उपयोग करा.

सांगावं, असंच माझं मत आहे. साध्या कंबरदुखीने कोणी घरी बसत नाही. आणि कामामुळेच माणूस आपल्या कामाला अपात्र झाला तर त्याला झेपेल असं दुसरं काम द्यावं, ते नसेल तर भत्ता द्यावा, हे तत्त्व १९५२ च्या खाण कायद्यातल्या ९-अ कलमात आलेलं आहे. ते मागायला कागद लागतो. दहा वर्षं ‘नॉर्मल’ लिहून घेतलेल्या माणसाकडे कागद नसतो.

मग कंबरदुखी कायद्याने खाणीचा आजार आहे का?

आपल्याकडच्या अधिसूचित यादीत सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार), कोळशाच्या धुळीने होणारा न्यूमोकोनिओसिस, आवाजाने येणारं बहिरेपण आहे. कंबर, गुडघे नाहीत. इतरत्र आहेत. जर्मनीने १९९३ मध्ये वजन उचलण्याने आणि हादऱ्याने होणारे कमरेच्या गाद्यांचे आजार यादीत घेतले. ब्रिटनने २००९ मध्ये कोळसा खाणकामगारांच्या गुडघ्याची झीज घेतली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या यादीत हादऱ्याचे आजार आणि गुडघे टेकून काम केल्याने येणारी सूज, दोन्ही आहेत. युनियनच्या मागणीपत्रात पगार आणि बोनसच्या खाली एक ओळ याची का नसते, हे मला अजून उमगलेलं नाही.

अपघात मात्र वेगळा. पाइप उचलताना कमरेत कट्‌कन झालं तर ती कामावरची इजा आहे. त्याच वेळी सरदार किंवा ओव्हरमनला (पाळीवर देखरेख करणाऱ्याला) सांगा, प्रथमोपचाराच्या वहीत वेळ आणि जागा लिहवून घ्या, मगच दवाखान्यात जा. जुन्या कायद्याप्रमाणे ७२ तास कामावर येता येत नसेल एवढी इजा कळवावीच लागते. ‘घरी पाय घसरला असं सांग, पूर्ण हजेरी देतो’ ही ऑफर आली तर ती कोणाच्या सोयीची आहे ते ओळखा.

अनफिट झालो तर मुलाला नोकरी लागेल ना?

कोळसा वेतन कराराच्या ९.४.० कलमात कायमचं अपंगत्व आलं तर अवलंबिताला नोकरीची तरतूद आहे. ठरवतं ते वैद्यकीय मंडळ, आणि एमआरआयमधल्या फुगलेल्या गादीवर ते होत नाही. पैसे घेऊन ‘करून देतो’ म्हणणारे दलाल प्रत्येक कॉलनीत आहेत.

कंत्राटी टिप्परवर आहे, कंपनीच्या दवाखान्यात घेतील का?

तपासणी आणि कामावरच्या इजेचा उपचार कंत्राटी कामगारालाही लागू आहे. खाणीत काम करणारा तो खाणकामगारच. अडचण कागदाची येते. गेटपास, फॉर्म ओ (वैद्यकीय तपासणीचा दाखला) आणि पगाराची पावती यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात वाईट कंबरा मी इथेच बघतो. साधी रस्त्यावरची गाडी, साधी सीट, तोच हॉल रोड आणि पाळी आठ तासांत संपेल याची खात्री नाही.

बायकांचं वेगळं काही?

आहे. साइटवर स्वच्छतागृह जवळ नाही म्हणून पाळीभर पाणी प्यायचं नाही, ही सवय. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग, मुतखडा, आणि ‘कंबर दुखते’ म्हणून आलेल्या बाईचं दुखणं तिथलं निघतं. लघवीला जळजळ, ताप आणि बरगडीखाली एका बाजूला दुखणं असेल तर आधी लघवी तपासा. कमरेचा शेक नंतर.

निवृत्त होऊन गावी शेती करतोय. आता जास्त दुखतंय.

खाणीत हादरे होते, शेतात वाकणं आहे. शिवाय साठीनंतर स्नायू कमी होतात, त्यामुळे जुनी इजा उघडी पडते. ट्रॅक्टरची सीट डम्परपेक्षाही कडक असते, सलग तासापेक्षा जास्त बसू नका. १६ लिटरचा फवारणी पंप पाठीवर घ्यायचं बंद करा, ते काम मजुरीने द्या किंवा अर्धाच भरा. निंदण बसून, जागा बदलत. निवृत्तांच्या वैद्यकीय योजनेचं कार्ड पत्नीच्या नावासकट चालू आहे का ते बघा, आणि नोकरीतले जुने एक्स-रे, चिठ्ठ्या, वहीतल्या नोंदीच्या प्रती रद्दीत देऊ नका.